सतरा नंबरची पट्टी

९ जानेवारी

डॉक्टरीणबाई,

हे पत्र फाडायच्या आधी एवढंच सांग, तुझ्या छातीत धडधडतं का? बसल्या बसल्या, काही कारण नसताना? एकदम सुरू होतं आणि एकदम थांबतं, असं?

प्रेमाचं विचारत नाहीये. ते विचारून झालंय आणि त्याचं उत्तर अख्ख्या वर्गाने ऐकलंय. हे कामाचं आहे.

मी नोकरीला लागलोय. ताईने ओळखीतून चिकटवलं. "कॉलेज अर्धवट सोडलेल्याला दुसरं कोण घेणार," असं ती रोज एकदा म्हणते आणि मग ताटात वाढते. चौथ्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. खिडकी आहे, पण ती समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. लांबच्या छोट्या छोट्या दवाखान्यांतून लोकांचे ईसीजी तारेवरून आमच्या पडद्यांवर येतात. ज्यांचा ठोका शांत, त्यांची पट्टी पांढऱ्या ट्रेमध्ये. ज्यांचा पळतो, त्यांची लाल ट्रेमध्ये. लाल ट्रे काचेपलीकडे मोठ्या मॅडमकडे जातो. त्या दुपारी येतात, बघतात, फोन करतात, सही करतात. माणसं आम्ही कधी पाहत नाही. नुसती हृदयं येतात.

पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "पळणारा ठोका कसा ओळखशील?" मी पुस्तकातलं म्हणायला लागलो. त्या म्हणाल्या, "ते मलाही येतं. घाई कुठून आली ते बघ. जिना चढून आलेल्या माणसाची घाई हळूहळू येते, हळूहळू ओसरते, आणि प्रत्येक मोठ्या शिखराच्या पुढे एक छोटी टेकडी चालत असते. ती दिसली की निम्मी काळजी मिटली. जी घाई दार आपटल्यासारखी येते आणि टेकडी गायब होते, ती लाल ट्रेमध्ये. आणि शिखरं जाड झाली असतील तर ट्रेची वाट बघू नकोस, धावत ये."

आता मुद्द्याचं. परवा दुपारी सतरा नंबरच्या केंद्रावरून एक पट्टी आली. नावाची जागा कोरी, वयाची जागा कोरी. नुसता ठोका. कंगव्याच्या दातांसारखी बारीक, एकसारखी घाई, टेकडीचा पत्ता नाही. मग मध्येच ती तुटली. तिथे एक रिकामी जागा होती, श्वास अडकल्यासारखी. त्यानंतर शांत ठोके सुरू झाले आणि प्रत्येक शिखराच्या पायथ्याशी ती चढण होती. सगळ्यांचं शिखर भिंतीसारखं सरळ उभं राहतं. हे मात्र आधी जरा तिरकं चालतं, मग उभं राहतं.

ती चढण मी कुठेही ओळखेन. दुसऱ्या वर्षी, प्रॅक्टिकलला, तू बाकावर निजली होतीस आणि मी तुझी पट्टी काढली होती. लोक अक्षरावरून माणूस ओळखतात, मी तुला त्यावरून ओळखतो.

तू शिकलेली आहेस, तरी सांगतो, कारण स्वतःच्या बाबतीत डॉक्टर गाढव असतात. हृदयात वरच्या मजल्यावरून खाली यायला एक जिना असतो आणि मध्यावर एक चौकीदार बसलेला असतो. तो सगळ्यांना रांगेत सोडतो. तुझ्यात जन्मापासून एक चोरजिना आहे. त्यावर चौकीदार नाही. चढण म्हणजे त्या चोरजिन्याने थोडे लोक आधीच खाली उतरले त्याची खूण. एरवी काही बिघडत नाही. कधीतरी लोक एका जिन्याने उतरून दुसऱ्याने वर चढायला लागतात, गोल गोल, आणि छाती धडधडते.

सतरा नंबर तुझा दवाखाना आहे ना? तुझी नेमणूक कुठे झाली ते मला कुणी सांगत नाही. तूच बजावलं असशील. म्हणून पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकतोय, ते पुढे पाठवतील.

एक लक्षात घे. या वेळी मी ती पट्टी कुणाला दाखवली नाही. लाल ट्रेमध्ये टाकली नाही, ढब्बूला (हा शेजारच्या खुर्चीवरचा) सांगितलं नाही. घडी करून खिशात ठेवली. बघ, शिकलो की नाही.

— भडक्या (हे नाव तूच ठेवलंस, मग तेच लिहितो)


१६ जानेवारी

डॉक्टरीणबाई,

उत्तर नाही. बरं.

पट्टी रोज येते. जेवणाच्या सुट्टीत, खोली रिकामी झाली की. बाकीचे डबे घेऊन गच्चीवर जातात, मी बसून राहतो. पडदे सगळे काळे असतात. मग कोपऱ्यातला एक उजळतो आणि वर येतं, 'केंद्र १७'. घंटी वाजत नाही. बाकी केंद्रांची वाजते, याची नाही. तू हळूच दार लोटून आत आल्यासारखं वाटतं.

काल सतरा नंबरला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग एका माणसाने उचलला, मागे काहीतरी ठोकल्याचा आवाज.

"दवाखाना ना?" मी विचारलं.

"होता. आता खुर्च्यांचं गोदाम आहे."

"मग रोज दुपारी ईसीजी कोण काढतं?"

"खुर्च्यांचा?" म्हणाला आणि फोन ठेवला.

ढब्बूला विचारलं. तो म्हणाला, सतरा कधीच बंद पडलं, तो लागला तेव्हाही बंदच होतं. मी म्हटलं, मग हे काय येतं? तो डोळे बारीक करून पडद्याकडे बघत म्हणाला, "भूत असेल. पण तब्येतीला जपणारं दिसतंय, रोज तपासून घेतं. आपल्यापेक्षा बरं." मी त्याचा डबा खिडकीतून बाहेर फेकला. तुला माहीत आहे मी कसा आहे. मग खाली जाऊन उचलून आणून दिला. वर येताना जिन्यात थोडा बसलो. लिफ्ट बंद होती, बाकी काही नाही.

तू नक्की कुठे आहेस? ते यंत्र तुझ्याकडे कसं आलं? बंद दवाखान्यातलं जुनं यंत्र उचलून तुमच्याकडे दिलं असेल, नंबर तोच राहिला असेल, असं मी स्वतःला समजावतो. मग दुपारी स्वतःला लावून बसत असशील. नाव घालत नाहीस, कारण कुणाला कळू द्यायचं नाही. पण पट्टी थांबवतही नाहीस. का? कारण इकडे कोण बसलंय ते तुला माहीत आहे.

माझं कसं चाललंय विचारत नाहीस, तरी सांगतो. नव्या माणसाच्या गळ्यात सकाळी लाईन उघडायचं काम असतं. सगळ्यांच्या आधी यायचं, भिंतीजवळच्या खुर्चीत बसायचं, दोन्ही मनगटांना आणि एका घोट्याला चिमटे लावायचे आणि तार चालू आहे का बघायचं. पडदाबिडदा नाही, डबीवर एक हिरवा दिवा आहे. तो लागला की चिमटे काढून कामाला लागायचं. स्वतःचंच हृदय ढकलून लाईन साफ करायची. ती पट्टी कुठे जाते कुणी विचारत नाही, झाडलेला केर कुठे जातो विचारतं का कुणी? पण तिथे बसलो की तू त्या बाकावर निजलेली आठवतेस, मनगटावर हाच चिमटा, आणि माझी छाती अशी उसळते की दिव्याआधी मीच पेटेन. डोळ्यांपुढे अंधारी येते. इतकं कुणी कुणासाठी करू नये. तू म्हणायचीस, तुझं सगळंच जरा जास्त असतं. असतं.

— भडक्या


२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

मिळालं उत्तर. पोस्टकार्डावर. पाकीटसुद्धा नाही, म्हणजे पोस्टमनने आधी वाचलं, मग ताईने, मग मी.

'मी बरी आहे. सतरा नंबर माझा नाही. मी आता दोनदा ईसीजी काढून पाहिला, सरळ आहे, चढण नाही. पत्रं पाठवू नकोस.'

खोटं बोलतेस. आणि खोटं बोलताना तुझी वाक्यं छोटी होतात, तेही मला माहीत आहे.

चढण नाही कशी? मी काढली होती ना. बाकावर आधी तू निजलीस, मग मी. तू माझी काढलीस, मी तुझी. टेबलावर दोन्ही पट्ट्या फाडून ठेवल्या होत्या. मी तुझी उचलली, वर पेनाने तुझं नाव घातलं, आणि मग पाहिलं तर चढण. मी सरांकडे नेली. ते म्हणाले, हात हलला असेल. मी म्हटलं, हात हलून प्रत्येक ठोक्याला तीच खूण येते का? ते हसले. सगळा वर्ग हसला. मग मी जे बोललो आणि तो ट्रे जो उडाला, ते सगळं तुझ्यासाठी होतं. माझ्या कॉलेजचं वाटोळं झालं ते तुझ्या जिवासाठी झालं. आणि तू काय म्हणालीस? "माझं हृदय चारचौघांत टांगायचा अधिकार तुला कुणी दिला?" एवढ्या लोकांत, एवढ्या थंडपणे. मी त्या दाराने बाहेर पडलो तो पडलोच.

ठीक आहे. तू नाही म्हण. पट्टी हो म्हणते.

आणखी एक सांगतो आणि मग तूच ठरव. ज्या दिवशी मी तुला पत्र टाकतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सतरा नंबर जास्त पळतो. तुझं पोस्टकार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तर पट्टीभर एकही शांत ठोका नव्हता. पत्र इथून निघतं, अजून तुझ्यापर्यंत पोचलेलंही नसतं, आणि तिकडे तुझी छाती धावायला लागते. याला काय म्हणायचं? मला भीती वाटायला हवी. वाटते थोडी. पण आनंदच जास्त होतो, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मी पत्रं थांबवणार नाही.

— भ.


१३ फेब्रुवारी

हे पत्र पूर्ण वाच. शिव्या नंतर घाल.

मधे ताईने मला दोन दिवस घरात कोंडलं. विशेष काही नव्हतं, आंघोळीला गेलो आणि दारात बसलो, एवढंच. तिने मला आरशासमोर उभं केलं. "ओठ बघ," म्हणाली. "प्रेमात माणसं वाळतात हे ऐकलंय. निळी पडलेली नाही ऐकली."

"उजेड तसा आहे," मी म्हटलं.

"उजेड माझ्याही तोंडावर पडतोय," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि आल्या आल्या ढब्बूला विचारलं, सतरा आला होता का? दोन्ही दिवस नाही, म्हणाला. लाईन त्याने उघडली, सगळी केंद्रं आली, सतरा तेवढं नाही आलं. आणि त्या दुपारी, मी एकटा बसल्यावर, ते आलं.

म्हणजे तू माझ्यासाठीच पाठवतेस. मी नसलो की तुझं हृदय येतच नाही. मी खुर्चीत बसलो की येतं. मला खोलीत कुणीतरी माझ्याच मागे उभं असल्यासारखं वाटलं. मान वळवून पाहिलं. भिंतीजवळची सकाळची खुर्ची होती, चिमटे लोंबत होते, त्यातला एक हळूहळू हलत होता. पंखा चालू होता म्हणा.

पण हे पत्र त्यासाठी नाही. पट्टी बदललीय.

आता ती कंगव्यासारखी नाही. शिखरं जाड झालीत, आणि दोन शिखरांतलं अंतर एकसारखं नाही. कुठे चिकटलेली, कुठे जरा सुटी, एकसारखं काहीच नाही, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने. गर्दीत चेंगराचेंगरी व्हावी तसं. हे काय आहे ते तुला कळतं. वरच्या मजल्यावर दंगा उसळलाय आणि लोक चोरजिन्याने खाली कोसळतायत. मग चढण परत येते, दमलेली.

एकच गोष्ट लक्षात ठेव, आणि तुझ्याबरोबर जे कुणी असेल त्याला सांगून ठेव. हे झालं आणि तू पडलीस, तर कुणीतरी शहाणा पळता ठोका बघून चौकीदाराला झोपवणारं इंजेक्शन भरेल. साध्या धडधडीला तेच देतात, हात सवयीने तिकडेच जातो. ते देऊ देऊ नकोस. चौकीदार झोपला की खऱ्या जिन्याचं दार बंद होतं आणि सगळी गर्दी चोरजिन्याने उतरते. मग ठोका उरत नाही, नुसती थरथर उरते. अशा वेळी शॉक. इंजेक्शन नाही, शॉक.

हे मी अर्धवट शिकलोय, पण हे पूर्ण शिकलोय.

मॅडमना दाखवू का? दिवसभर तोच विचार. दाखवली तर त्या विचारतील, पेशंट कोण? आणि मला तुझं नाव घ्यावं लागेल. पुन्हा तेच. तू हो म्हणालीस तरच दाखवेन. तोवर सगळ्या पट्ट्या माझ्या खिशात आहेत, छातीजवळच्या. हसू नकोस.

लवकर उत्तर दे. मला जिने चढवत नाहीत हल्ली, तुझ्या काळजीने.

— भ.


२२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

निजून लिहितोय, अक्षर समजून घे.

तुला बरंचसं माहीत आहे, कारण फोनवर तूच होतीस. पण माझ्या बाजूने काय झालं ते लिहितो.

सोमवारी सकाळी चिमटे लावून बसलो होतो. तुझा विचार करत होतो. छातीत सुरू झालं, नेहमीसारखं, आणि मग नेहमीसारखं राहिलं नाही. हिरव्या दिव्याचे दोन झाले, चार झाले. नंतरचं ढब्बूकडून कळलं. तो दारातून आला तेव्हा मी खुर्चीतून अर्धा खाली लोंबत होतो. त्याला वाटलं, डब्याचा सूड म्हणून नाटक करतोय. तो म्हणाला, "ऊठ रे, तुला बघायला कुणी आलेली नाही." आणि तेव्हाच त्याच्यासमोरचा पडदा उजळला. वर 'केंद्र १७'. जाड, वेडीवाकडी, बेफाम शिखरं. आणि माझ्या मनगटाचा चिमटा सुटून खाली पडला, तशी पडद्यावरची रेघ सपाट झाली. ढब्बू सांगतो, त्याने चिमटा उचलून परत लावला. शिखरं परत आली. पुन्हा काढला, पुन्हा गेली. मग तो किंचाळला आणि मला खांद्यावर टाकून चार मजले उतरला. मी त्याच्याबद्दल आजवर जे काही लिहिलंय ते खोडून टाक.

नंतर तारांचं काम बघणारा माणूस आला होता मला भेटायला, अपराध्यासारखा. त्याने सांगितलं की सकाळच्या तपासणीच्या पट्टीला कुठला तरी नंबर द्यावाच लागतो. सतरा बंद पडलं होतं, नंबर मोकळा होता, म्हणून त्याने तो दिला. आणि गर्दी कमी असताना, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, त्या पट्ट्या पडद्यावर सोडायच्या, असं लावून ठेवलं होतं. चिमटे बराच वेळ तसेच लागलेले राहिले, तर मात्र लाईन सुट्टीची वाट न बघता सरळ पडद्यावर येते. ढब्बू लाईन उघडायचा त्या दिवशी पट्टी यायचीच, पण त्याची पट्टी शांत. ती आपोआप पुसली जाते. फक्त पळणारी पुढे येते. "कुणाला सांगायचं राहून गेलं," म्हणाला. एवढंच. राहून गेलं.

म्हणजे दीड महिना मी स्वतःच्याच हृदयावर पहारा करत होतो. त्याला तुझ्या नावाने हाका मारत होतो. भरलेल्या डोळ्यांनी. आणि त्याला वाचवण्यासाठी तुला पत्रं लिहीत होतो.

तुझं ताईला आलेलं पाकीट मी आज वाचलं. ते त्याच सकाळी पोचलं होतं. 'तुमच्या भावाला कामावर पाठवू नका. चढण माझी नाही, त्याची आहे. त्या दिवशी टेबलावर दोन पट्ट्या होत्या, त्याने स्वतःची उचलून तिच्यावर माझं नाव घातलं. मला हे त्याच्या शेवटच्या पत्रावरून कळलं. आधी मी त्याची पत्रं पत्रं म्हणून वाचत होते. जिन्यात बसलो, दारात बसलो, अंधारी आली, हे वाचताना लक्षात आलं की प्रियकर नाही, पेशंट बोलतोय. हा माझा नंबर, लगेच फोन करा.'

ताईने लगेच फोन केला, आणि तू बोलत असतानाच ढब्बूचा दुसऱ्या फोनवर निरोप आला. ती तुला तशीच कानाशी धरून इस्पितळात शिरली. आत तरुण डॉक्टर होता, आपल्याच वयाचा, सुई भरून तयार. ताईने त्याचं मनगट धरलं.

"हे देऊ नका."

"तुम्ही कोण?"

"बहीण. पण सांगणारी डॉक्टर आहे, फोनवर."

"कोणाची डॉक्टर?"

"ह्याची," ताई म्हणाली.

त्याने कपाळाला आठ्या घालून फोन घेतला. तू काय बोललीस मला माहीत नाही. ताई सांगते, त्याने ऐकता ऐकता पट्टी पुन्हा उजेडात धरली, त्याचा चेहरा उतरला आणि सुई त्याने कुणाचं तरी बाळ ठेवावं तशी हळूच खाली ठेवली. मग शॉक दिला.

'ह्याची' हा शब्द मी ताईकडून परत परत म्हणवून घेतला. चौथ्यांदा ती म्हणाली, "गप पड, नाहीतर सुई मीच टोचते."

पुढच्या आठवड्यात ते मांडीतून एक तार वर नेऊन चोरजिना जाळणार आहेत. म्हणे किरकोळ काम आहे. माणूस जागाच असतो.

तू माझी काळजी केलीस की पेशंटची, ते विचारणार नव्हतो. विचारलं.

— भ.


५ मार्च

झालं. सुटलो. हे लिहायला बसलोय कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. ताई ऐकेल, पण ती लगेच काहीतरी खायला देईल.

टेबल अरुंद होतं, गार. डॉक्टर काचेपलीकडे बसले होते, आमच्या मॅडमसारखे, आणि त्यांचा आवाज छताजवळच्या डबीतून यायचा. जाळायचं तर आधी वाट सापडायला हवी, आणि वाट सापडायला गर्दी व्हायला हवी. म्हणून ते स्वतःच धडधड सुरू करतात.

"आता जरा धडधडेल हं," डबी म्हणाली.

आणि सुरू झालं. ते. तेच. बाकावर तू निजली होतीस तेव्हाचं, वर्गाबाहेर तुझी वाट बघायचो तेव्हाचं, तुझ्या पोस्टकार्डावरची अक्षरं पाहिली तेव्हाचं. गळ्यापर्यंत आलेलं, जीव आता जातो की मग जातो असं. मी टेबलावर पडून डोळे मिटले आणि तू समोर उभी राहिलीस, इतकी स्पष्ट की तुझ्या बाहीवरचा शाईचा डागसुद्धा. मी तुझा विचार केला नव्हता. एक अनोळखी माणूस काचेमागे बोट हलवत होता आणि तू येत होतीस.

"थांबवतो," डबी म्हणाली. थांबलं. तू गेलीस.

"पुन्हा एकदा." तू आलीस.

किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. आलीस, गेलीस. आलीस, गेलीस. शेवटी मी ओरडलो, बस करा. त्यांना वाटलं दुखतंय. परिचारिका डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "झालंच आता, सापडली वाट." मला सांगायचं होतं की जाळू नका, थोडं थांबा, मला बघू दे त्या वाटेवर अजून कोण आहे. पण असं कुणी सांगतं का? एक ऊब आली, छातीत खोल, काडी ओढल्यासारखी. मग पडद्यावर चढण नव्हती. शिखर सरळ उभं. कुणाचंही असावं असं.

"पुन्हा लावून बघतो," डबी म्हणाली. बराच वेळ काही झालं नाही. "छान," म्हणाली.

आता घरी आहे. दुपार आहे, ताई बाहेर गेलीय. सकाळपासून मी एक करून पाहतोय. भिंतीला टेकून बसतो आणि तुझा विचार करतो. मुद्दाम. वर्गाचं दार, तुझी वेणी, 'कुणी दिला अधिकार' म्हणताना थरथरलेली तुझी हनुवटी. छातीवर हात ठेवतो. आत एकसारखं, सावकाश चालू आहे. कुणीतरी खालच्या खोलीत चालावं तसं, ज्याला मी राहतो हे ठाऊकही नाही.

मला वाटलं होतं, मोकळं वाटेल. भीती वाटते. इतकी वर्षं मी जे तुझं म्हणत होतो ते माझं निघालं, आणि जे माझं म्हणत होतो ते मांसातली एक जादा वाट निघाली. ती जाळली. मग उरलं काय? पण एक बघ. सकाळपासून ठोका हलला नाही आणि तरी हात थांबत नाहीये. चौथं पान चाललंय. अक्षर बघ, कधी नव्हे इतकं नीट आलंय. माझं वाटत नाही. कुणीतरी शांतपणे बसून तुला लिहितंय आणि मी त्याच्या खांद्यावरून वाचतोय.

ताई सांगत होती, तू रविवारी येणार आहेस. मला नाही कळवलंस, तिला कळवलंस. "तपासायला," असं म्हणालीस म्हणे.

ये. पण बेल वाजवल्यावर जरा दाराबाहेर थांब. मी लगेच उघडणार नाही. आत उभा असेन, छातीवर हात ठेवून. काही झालं तर ते माझं, पहिल्यांदाच माझं. नाही झालं तरी मी दार उघडेन, कारण दार कुणालातरी उघडावंच लागेल. फक्त उघडल्यावर लगेच काही बोलू नकोस. आधी माझ्याकडे नीट बघ आणि मी तोच आहे का ते मला सांग.